म्हशी हाकलल्या, पाणथळ गुदमरली

पर्यावरणाचा विषय काढला की आपल्यातलेच काही तरुण म्हणतात, हे दुर्बीणवाल्यांचे शौक आहेत. ॲट्रॉसिटी, आरक्षण, बेकारी एवढे प्रश्न समोर असताना पक्षी कुठे मोजत बसायचे? आम्हाला हे मान्य नाही. अभयारण्य म्हणजे जमीन, पाणी आणि त्यावर हक्क कोणाचा हा प्रश्न. सार्वजनिक पाणी कोणाचे, हे आपण १९२७ साली महाडला विचारलेले आहे.

राजस्थानातले भरतपूर घ्या. तिथले केवलादेव राष्ट्रीय उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे. त्यातच उथळ तळी, गवताळ माळ आणि बाभूळ-कदंबाचे कोरडे रान. ही पाणथळ आपोआप झालेली नाही. बांध घालून, पाणी वळवून संस्थानिकांनी ती शिकारीसाठी राखली. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारले गेले. त्याला कोणी गुन्हा म्हटले नाही.

गुन्हेगार ठरला तो गुराखी. १९८२ साली उद्यानात चराईबंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. पुढे काय झाले? म्हशी पाण्यात उतरून गवत खात होत्या, ते थांबले. पाणगवत माजले, उघडे पाणी आक्रसले, मासे आणि पाणपक्ष्यांची जागा गेली. म्हशींची चराई या पाणथळीला उपकारकच होती, असा निष्कर्ष बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून निघाला. कोरड्या भागात वेडी बाभूळ पसरली. ती मुळासकट उपटायला अखेर आसपासच्या गावकऱ्यांनाच बोलवावे लागले, लाकडाच्या मोबदल्यात.

भरतपूरचे गुराखी दलितच होते, असा आमचा दावा नाही. बेसुमार चराई निर्दोष असते, असेही नाही. माळावर जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी असतात. विणीच्या दिवसांत तिथून गुरे दूर ठेवावीच लागतील. मुद्दा असा की पाणथळीला एक नियम आणि माळाला दुसरा लागतो. पाणी कधी सोडायचे, तळे कधी आटू द्यायचे, गवत कुठे कापायचे, कुठे उभे ठेवायचे, हे जागा आणि ऋतू पाहून ठरवावे लागते. यातले बरेचसे ज्ञान राबणाऱ्या माणसाकडे असते. पण आपल्या समाजाने राबणाऱ्याला ज्ञानी कधी म्हटले? हात एका जातीचे आणि डोके दुसऱ्या जातीचे, ही वाटणी संवर्धनातही शिरली आहे.

आता आपल्याकडे या. गोदावरी-कादवा संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर, राज्यातले पहिले रामसर स्थळ, 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणून मिरवले जाते. मग भरतपूरची चूकही अभ्यासायला हवी. वन्यजीव कायद्यात राष्ट्रीय उद्यानात चराईला पूर्ण मनाई आहे. अभयारण्यात मात्र ती नियंत्रित करता येते. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे. म्हणजे वाट मोकळी आहे.

वनजमिनीवर २००६ चा वनहक्क कायदा चराई आणि मासेमारीचे सामूहिक हक्क मान्य करतो. पण दावेदार आदिवासी नसेल तर तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, ज्याचे नाव सातबाऱ्यावर येऊ दिले नाही, त्याने कागद आणायचा कुठून? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले, ते याच कागदहीन माणसासाठी.

म्हणून आमची मागणी साधी आहे. अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा मराठीत ग्रामसभेसमोर ठेवा. तो ठरवणाऱ्या समितीत भूमिहीन, मच्छीमार, गुराखी आणि त्यांच्यातल्या स्त्रिया असू द्या. चहा द्यायला नव्हे, मत द्यायला. आणि तरुणांनो, तुमच्या तालुक्यातला आराखडा माहिती अधिकारात मागवा, वाचा, वस्तीत त्यावर बैठक घ्या. पक्षी वाचलेच पाहिजेत. पण माणसाला हाकलून ते वाचत नाहीत, हे भरतपूरने दाखवून दिले आहे.

जय भीम.