जन्माचा दाखला आणि हुकमाची लेखणी

जानेवारी २०२५ हा महिना नाशिक जिल्ह्यासाठी दोन अर्थांनी जन्मदाखल्यांचा महिना ठरला. २० जानेवारीला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेताच डोनाल्ड ट्रम्प यांनी एक कार्यकारी आदेश काढला. आई त्या देशात बेकायदा किंवा तात्पुरत्या परवान्यावर राहत असेल आणि वडील नागरिक किंवा कायम रहिवासी नसतील, तर आदेशाला तीस दिवस उलटल्यानंतर जन्मणाऱ्या बाळाला अमेरिकेचे नागरिकत्व आपोआप मिळणार नाही, असा त्याचा आशय. एच-वन-बी हा परवाना तात्पुरताच असतो. त्यामुळे गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर या परिसरांतील ज्या घरांतून मुलगा-सून किंवा लेक-जावई तिकडे गेलेले आहेत, त्या घरांत कॅलेंडरवरच्या तारखा मोजल्या जाऊ लागल्या. याच महिन्यात, याच जिल्ह्यात, नाशिक शहरापासून शंभरएक किलोमीटरवरील मालेगावात, विलंबाने दिलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठी राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. बांगलादेशी आणि रोहिंग्या घुसखोरांना हे दाखले वाटले गेले, असा आरोप माजी खासदार किरीट सोमय्या यांनी केला होता. महसूल अधिकाऱ्यांचे निलंबन झाले, गुन्हे नोंदले गेले आणि असे दाखले देण्याचे काम राज्यभर थांबविण्यात आले.

या दोन बातम्या आपल्याकडे एकाच वर्तमानपत्रात वाचल्या गेल्या. मात्र एकाच मनाने वाचल्या गेल्या नाहीत. पहिलीला आपण अन्याय म्हटले, दुसरीला साफसफाई. आमच्या शिक्षक-कक्षातही याहून निराळे चित्र नव्हते. एका माणसाची सही सकाळी होते आणि संध्याकाळी लाखो कुटुंबांचे भवितव्य टांगणीला लागते, ही कसली लोकशाही, असे तळमळीने विचारणारा सुशिक्षित नाशिककर मालेगावच्या बाबतीत मात्र ‘सरकारने एकदाचे मनावर घेतले’ असा समाधानाचा सुस्कारा टाकतो. या दुटप्पीपणाला केवळ ‘आपला तो बाब्या’ म्हणून सोडून देता येईल, पण तसे केल्यास विषयाच्या गाभ्याशी जाता येत नाही. कार्यपालिकेच्या हाती स्थलांतरिताचे नशीब किती असावे, हा तो गाभा.

अमेरिकेतील वाद ट्रम्प यांच्यापासून सुरू झालेला नाही. बराक ओबामा यांनी जून २०१२ मध्ये, लहानपणी आईवडिलांबरोबर बेकायदा आलेल्या तरुणांना हद्दपारीपासून तात्पुरते अभय दिले. नोव्हेंबर २०१४ मध्ये तेच अभय नागरिक मुलांच्या पालकांपर्यंत वाढवू पाहिले. संसद कायदा करीत नाही, म्हणून आपण करतो, असा त्यांचा पवित्रा होता. टेक्सासच्या पुढाकाराने काही राज्ये न्यायालयात गेली, फेब्रुवारी २०१५ मध्ये दुसऱ्या निर्णयाला स्थगिती मिळाली आणि जून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मते पडून ती स्थगिती कायम राहिली. त्या वेळी राष्ट्राध्यक्षाच्या लेखणीचे आपल्याकडे कौतुकच झाले, कारण ती दयाळू होती. २०१५ सालीच एच-वन-बीधारकांच्या जोडीदारांपैकी काहींना नोकरीची मुभा मिळाली. तीही संसदेच्या कायद्याने नव्हे, प्रशासनाच्या नियमाने. उच्चशिक्षण घेऊन तिकडे गेलेल्या आणि स्वयंपाकघरात अडकलेल्या कितीतरी मराठी मुलींना त्या नियमाने पुन्हा स्वतःचे नाव दिले. आम्ही त्या नियमाच्या विरुद्ध नाही. परंतु जे केवळ प्रशासनाच्या कलमाने मिळते ते त्याच कलमाने जाऊ शकते, ही गोष्ट त्या आनंदात कोणाला आठवली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादणारी घोषणा निघाली तेव्हा ती सर्वांना एकदम आठवली.

जन्मसिद्ध नागरिकत्वाची गोष्ट याहून जुनी आहे. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेच्या भूमीवर जन्मणाऱ्याला नागरिक ठरविले आणि १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलाला सर्वोच्च न्यायालयाने त्याच तरतुदीनुसार नागरिक मानले. तेही चिनी लोकांना देशाची दारे बंद करणारा १८८२ चा कायदा लागू असताना. म्हणूनच ट्रम्प यांच्या आदेशाला सिएटलच्या न्यायाधीशांनी तीनच दिवसांत रोखले. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशव्यापी मनाईहुकूम देण्याच्या खालच्या न्यायालयांच्या अधिकाराला कात्री लावली, तरी मूळ प्रश्न शिल्लक राहिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो सुनावणीस घेण्यात आला.

येथे एका विस्मृत माणसाची आठवण करून द्यावीशी वाटते. सखाराम गणेश पंडित हे नाव मराठी वाचकाला घरचेच वाटेल. हे गृहस्थ लॉस एंजेलिसमध्ये वकिली करीत. १९१४ मध्ये न्यायालयात रीतसर सुनावणी होऊन त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले होते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, असा निकाल दिला आणि सरकारने आधी दिलेली नागरिकत्वे रद्द करण्याचा सपाटा लावला. अनेकांची गेली. पंडितांचे गेले नाही. या नागरिकत्वाच्या भरवशावर आपण व्यवसाय उभारला, घरदार केले, लग्न केले. सरकारला आक्षेप घ्यायचा होता तर तो तेव्हाच्या सुनावणीत घ्यायला हवा होता, असे त्यांचे म्हणणे. अपील न्यायालयाने १९२६ मध्ये ते उचलून धरले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका ऐकण्यास नकार दिला. पंडितांना तारले ते कोणाच्या दयेने नव्हे. पहिल्या वेळी एका न्यायाधीशासमोर सुनावणी झाली होती, म्हणून ते तरले. हा तपशील मालेगावकडे वळताना सोबत घ्यावा.

आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. जन्मानंतर एकवीस दिवसांत नोंद करावी. वर्ष उलटून गेल्यास तिच्यासाठी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. म्हणजे न्यायालयाचा. २०२३ च्या दुरुस्तीने हे काम न्यायालयाकडून काढून जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे सोपविले. व्यवहारात ते तहसील कचेरीत आले. न्यायालयाचे हेलपाटे वाचले, म्हणून लोकांना बरेच वाटले आणि अर्जांची रीघ लागली. मग दीड वर्षाच्या आत शासनाने आपल्याच तहसीलदारांवर अविश्वास दाखविला, मार्च २०२५ मध्ये पडताळणीची पद्धत कडक केली आणि वर्षअखेरीस केवळ आधार कार्डावर विसंबून दिलेले विलंबित दाखले रद्द करण्याचे निर्देश महसूल विभागाने दिले. देणारी कार्यपालिका, संशय घेणारी कार्यपालिका, रद्द करणारीही कार्यपालिकाच. या साऱ्या फेऱ्यात पंडितांना लाभला तसा न्यायाधीश कोठेच नाही.

रीघ का लागली, हे समजून घेण्यासाठी घुसखोरीच्या कथेची गरज नाही. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला प्रत्येक जण, काही किरकोळ अपवाद सोडता, जन्माने नागरिक असे. त्यानंतर आईवडिलांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसराही बेकायदा स्थलांतरित नसला पाहिजे, अशी अट आली. (अमेरिकेने जे २०२५ मध्ये एका हुकमाने करू पाहिले त्याच्याशी मिळतेजुळते आपण संसदेच्या कायद्याने आधीच करून बसलो आहोत, हेही नोंदवून ठेवावे.) नागरिकत्वाची भिंत अशी वीट-वीट चढत गेली, तसतसे कागदाचे मोल वाढले. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीनंतर आणि राष्ट्रीय नोंदवहीच्या चर्चेनंतर ज्याच्याजवळ कागद नाही तो कागद मिळवण्यासाठी धावला, यात आश्चर्य कसले?

आणि मालेगाव हे गावच स्थलांतरितांचे. १८५७ नंतरच्या काळात पूर्व उत्तर प्रदेशातून, आझमगड, मऊ, बनारस या पट्ट्यातून मोमीन विणकर आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे आले आणि मोसम नदीच्या काठी त्यांनी हातमाग मांडले. पुढे त्याच घरांत यंत्रमाग आले. पाच-सहा पिढ्या येथे गेल्यानंतरही त्यांच्या बोलीला पूर्वेचा हेल आहे. त्या हेलावरूनच त्यांना परके ठरविणे सोपे जाते. मागाच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत सुईणीच्या हातून जन्मलेल्या मुलाची नोंद नगरपालिकेत कोण करणार होते?

पण हे मालेगावपुरतेच आहे, असे समजू नये. आमच्या पिढीच्या आईवडिलांपैकी निम्मे लोक १ जूनला जन्मले आहेत! शाळा उघडण्याच्या सुमारास गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून कानाला लावून पाहिला आणि नोंदवहीत १ जून लिहिला. त्या तारखेवर माणसे नोकरीला लागली आणि निवृत्तही झाली. भटक्या-विमुक्तांची अवस्था तर याहून बिकट. १९५२ पर्यंत ज्यांच्यातील कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का होता आणि ज्यांचा मुक्काम दर महिन्याला बदलत असे, त्यांच्याकडून जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते पुस्तक आम्ही अभ्यासक्रमात नेमतो, त्यावर वीस गुणांचा प्रश्न काढतो आणि प्रवेशाच्या खिडकीवर त्याच पुस्तकातल्या माणसाच्या नातवाला कागद नाही म्हणून परत पाठवितो.

कागदाविषयी शासनाची वृत्ती नेहमीच कठोर असते, असेही नाही. कुणबी नोंदींच्या शोधात न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या काळात कोतवाल बुके, गाव नमुना चौदा, मोडीतील दप्तरे असे सारे धुंडाळले गेले; मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ते दिवस आले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदी आणि गावपातळीवरील चौकशी यांना मान दिला. त्या निर्णयाच्या बरेवाईटाचा हा विषय नव्हे. मात्र एका नागरिकासाठी शंभर वर्षांपूर्वीचे कागद स्वतः हुडकून काढणारे शासन दुसऱ्या नागरिकाला ‘तुझा पुरावा तू आण’ म्हणते, हे डोळ्यांत भरल्याखेरीज राहत नाही.

यावर एक आक्षेप नक्की येईल आणि तो क्षुल्लक नाही. खोटे दाखले बनतच नाहीत काय? बनतात. कोण आत यावे आणि कोणी राहावे, हे ठरविण्याचा अधिकार राज्यसंस्थेला नाही काय? आहे, सीमा नसलेले राज्य आम्हांलाही ठाऊक नाही. जेथे पैसे घेऊन बनावट कागद दिला गेला, तेथे देणारा आणि घेणारा दोघांनाही शिक्षा व्हावी. आमचे भांडण सरसकटपणाशी आहे. परकीय नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्यात आणि १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही, आपण परकीय नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे त्या माणसावरच आहे. अशा व्यवस्थेत हातचा दाखला रद्द होणे म्हणजे पायाखालची सतरंजी जाणे. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीयच निघाल्यामुळे परत आणावे लागले. त्यांना परत आणणारे राज्य सरकार मिळाले. बेवारस माणसाला कोण आणते?

हुकमाने राज्य करण्याच्या सवयीविरुद्ध महाराष्ट्रात एक अभिमानास्पद परंपराही आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी बिहारच्या राजपत्रांत डोके घालून दाखवून दिले की १९६७ ते १९८१ या काळात तेथे २५६ वटहुकूम पुनःपुन्हा काढून जिवंत ठेवले गेले. काही तर चौदा वर्षांपर्यंत. विधिमंडळ होते, पण त्याला विचारलेच जात नव्हते. वाधवा स्वतः न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरविली आणि संशोधनाच्या कष्टांबद्दल त्यांना दहा हजार रुपये देवविले. बिहारशी वाधवांचा काही लागाबांधा नव्हता. वटहुकूम चांगले की वाईट, हेही त्यांनी विचारले नाही. ते कोणी आणि कोणत्या मार्गाने काढले, एवढेच विचारले.

मालेगावसंबंधी आमचे म्हणणे तेवढेच आहे. वर्षाहून जुन्या जन्माची नोंद पुन्हा न्यायदंडाधिकाऱ्याकडे द्यावी आणि त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात आठवड्याचा एक दिवस राखून ठेवावा. तोवर ज्यांचे दाखले रद्द होत आहेत त्यांतील प्रत्येकाला मराठीत आणि त्याला वाचता येईल त्या भाषेत नोटीस मिळावी, म्हणणे मांडण्यास अवधी मिळावा आणि कारणे नमूद केलेला स्वतंत्र आदेश हाती यावा. तसा आदेश किती प्रकरणांत दिला गेला, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला माहितीच्या अधिकारात विचारता येते. त्या अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.