‘खानदानी’ कॅन्सर आणि पिशवी काढण्याचा धंदा



“त्यांच्या घराण्यातच हाय ते.” छातीच्या गाठीनं आई गेली, मागोमाग मावशी गेली, की वस्तीत हे वाक्य ऐकू येतं आणि विषय तिथेच मिटतो. घराण्यात आहे, रक्तात आहे, नशिबात आहे, असं आपण एका दमात बोलून टाकतो. आमचं भांडण यातल्या नशिबाशी आहे. जन्मावरून माणसाचं भवितव्य ठरतं, हे नाकारूनच आपण इथवर आलो. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आनुवंशिकतेचा आधार घेऊन जातीचं समर्थन करणाऱ्यांचा समाचार घेतला, तो विज्ञानाचाच आधार घेऊन. मग आजाराच्या बाबतीत आपण कर्मसिद्धांताच्या ओसरीवर जाऊन का बसतो?

विज्ञान काय सांगतं ते आधी पाहू. सगळ्या कॅन्सरपैकी आनुवंशिक कॅन्सर शंभरात पाच ते दहा. बाकीचे तंबाखू, जंतुसंसर्ग, वय अशा कारणांनी होतात. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुकं महत्त्वाची. त्यात बिघाड असलेल्या शंभर बायांपैकी साधारण सत्तर जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो. म्हणजे तीस जणींना होत नाही. आईवडिलांपैकी एकात बिघाड असेल, तर प्रत्येक लेकराला तो मिळण्याची शक्यता निम्मी. तो बापाकडूनही येतो, हे तर आपल्याकडे कुणी धरतच नाही. बाईचा आजार म्हटलं की चौकशी फक्त तिच्या आईच्या बाजूची होते. आत्या कशानं गेली, आजी कशानं गेली, कुणी विचारत नाही.

आता आपल्या भागात काय चालतं ते बघा. पोटात दुखतं, अंगावरून पांढरं जातं म्हणून ऊसतोड कामगार बाई खाजगी दवाखान्यात जाते. “पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, काढून टाका.” झालं. ना तपासणी, ना दुसऱ्या डॉक्टरचं मत. खाडा पडला तर मुकादम दंड लावतो, पाळीच्या दिवसांतही कोयता चालवावा लागतो, म्हणून बाईलाही वाटतं एकदाची कटकट जाऊ दे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. टोळ्या काही जिल्ह्याची हद्द बघून जात नाहीत. भूम, परांडा, वाशी, कळंबच्या बायाही त्याच फडात असतात.

आम्हाला इथे सगळ्यात जास्त चीड येते ती ‘कॅन्सर’ या शब्दाच्या वापराची. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर खानदानी नसतो. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, वेळेत तपासलं तर कॅन्सर होण्याआधीच सापडतो आणि त्यासाठी सरसकट पिशवी काढावी लागत नाही. आणि हे जगाला पटवून दिलं कुणी? आपल्याच जिल्ह्यातल्या बायांनी! १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांवर मोठा अभ्यास झाला. टाटा रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. २००९ साली निकाल छापून आला. ज्या गटात एचपीव्हीची एकदाच तपासणी झाली, तिथं ३४ बाया या कॅन्सरनं दगावल्या. ज्या गटाची तपासणीच झाली नाही, तो गट थोडा लहान असूनही तिथं ६४. त्या बायांना तपासणीविना ठेवणं नैतिक होतं का, यावर पुढे जगभर वाद झाला. आमच्या मते नव्हतं. पुरावा गोळा करायला आपल्या बाया चालतात, तर त्या पुराव्याचा पहिला लाभही त्यांनाच मिळायला हवा होता. तो मिळाला असता, तर “कॅन्सर होईल” म्हणून पिशवी काढणाऱ्याला बाईनं तोंडावर विचारलं असतं, रिपोर्ट कुठाय?

खरा आनुवंशिक धोका असतो तिथे निर्णय कसा घ्यायचा असतो? आधी ज्या नातेवाईक बाईला कॅन्सर झालाय तिच्या रक्ताची तपासणी, बिघाड सापडला तर मग बहिणी, लेकी, लेकांची. तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन. बिघाड निघालाच तर कुणी दरवर्षी छातीची तपासणी करत राहते, कुणी लेकरं झाल्यावर अंडाशय काढून घेते, कुणी स्तन काढण्याचा निर्णय घेते, कुणी घेत नाही. यातला कोणताही निर्णय तिचा असेल तर तो बरोबर. नवऱ्याचा, दिराचा, डॉक्टरचा असेल तर त्याला निर्णय म्हणायचं नाही.

पण हे सगळं मुंबईत. टाटा रुग्णालयात कॅन्सर जनुकांची स्वतंत्र ओपीडी आहे, धाराशिवपासून चारशे किलोमीटरवर. महात्मा फुले जन आरोग्य योजना आजारी पडल्यावर दार उघडते. जिची आई आणि मावशी गेलीय, पण जी स्वतः अजून धडधाकट आहे, त्या लेकीनं कुठे जायचं? तिच्या तपासणीचा खर्च योजनेतून व्हावा आणि समुपदेशक धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बसावा, ही मागणी आपण लेखी लावून धरली पाहिजे. भूम आणि परांडा तालुक्यांतल्या कॅन्सरची नोंद १९८७ पासून बार्शीत होते आहे. म्हणजे नोंदी ठेवायला या भागात कधीच अडचण आली नाही.

एक काम मात्र सरकारशिवाय होतं. मुलीचं स्थळ मोडेल म्हणून आपली माणसं घरातला कॅन्सर लपवतात. सोयरीक जुळवताना जी गोष्ट झाकली जाते, तीच पुढे लेकीच्या जिवावर बेतते. भीमजयंतीच्या तयारीसाठी वस्तीत घरोघर फिरालच, तेव्हा प्रत्येक घरी एक वही ठेवायला सांगा. तीन पिढ्या, दोन्ही बाजू : कोण कोणत्या आजारानं गेलं, कितव्या वर्षी. पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झालेली, किंवा कोणत्याही वयात अंडाशयाचा झालेली बाई त्या वहीत निघाली, तर ती वही घेऊन तिच्या लेकीसोबत दवाखान्यात जायला आपल्यातलं कुणीतरी तयार असलं पाहिजे.