मेयोनीजचं बारसं कुणी केलं?

सँडविचपासून मोमोपर्यंत सगळीकडे पोहोचलेल्या मेयोनीजची जन्मकथा पाककृतींच्या सदरांतून ठामपणे सांगितली जाते. ती अशी: १७५६ मध्ये फ्रेंच सेनापती ड्यूक द रिशेल्यूने भूमध्य समुद्रातलं मिनॉर्का बेट इंग्रजांकडून जिंकलं. विजयाच्या मेजवानीसाठी साय मिळेना. तेव्हा त्याच्या आचाऱ्याने अंड्याचा बलक आणि ऑलिव्ह तेल घोटून सॉस केला आणि बेटावरच्या माओन बंदराचं नाव त्याला दिलं.

यातली लढाई खरी आहे. बेट वाचवता आलं नाही म्हणून इंग्रजांनी आपल्याच ॲडमिरल बिंगला पुढच्या वर्षी गोळ्या घातल्या. मेजवानीची गोष्ट मात्र पुराव्यावर उभी नाही. फ्रेंच पाकपुस्तकांत हे नाव रुळलेलं दिसतं ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे विजयानंतर जवळपास पन्नास वर्षांनी. एवढ्या गाजलेल्या विजयाची आठवण म्हणून सॉस जन्मला असता, तर तो इतका काळ छापील पानांबाहेर का राहिला असता?

फ्रान्समधल्या जाणकारांतही एकमत नव्हतं. विख्यात शेफ कारेमने १८२८ च्या ग्रंथात हे नाव ‘मान्ये’ या क्रियापदाशी, म्हणजे हाताने हाताळण्याशी, जोडलं. सतत घोटल्याशिवाय हा सॉस जमत नाही, हा त्याचा आधार. कुणी बायोन शहराकडे बोट दाखवलं, तर कुणी बलकासाठीच्या ‘म्वायो’ या जुन्या फ्रेंच शब्दाकडे.

त्यातल्या त्यात माओनचा दावा जास्त पटतो. पण बंदराचं नाव मिळालं म्हणून शोधाचा मान सेनापतीच्या आचाऱ्याला जात नाही. मिनॉर्का ज्या कॅटलान भाषेच्या मुलखात मोडतं, तिथे लसूण खलबत्त्यात वाटून त्यात थेंबथेंब ऑलिव्ह तेल जिरवण्याची ‘अलिओली’ची रीत त्याच्या कितीतरी आधीची. तेल घोटून दाट करण्याची कला त्या किनाऱ्यावरच्या घराघरांत होती. विजयाची कथा या स्वयंपाकघरांना पार पुसून टाकते.

म्हणून पदार्थांच्या गोष्टी छापणाऱ्यांनी आणि मेनूकार्डावर मिरवणाऱ्यांनी ही मेजवानी इतिहास म्हणून खपवू नये. ‘अशी एक आख्यायिका आहे’ एवढे शब्द आधी लिहावेत, आणि रिशेल्यूच्या शेजारी अलिओलीलाही जागा द्यावी.