मद्याला मुभा, औषधाला परवाना

परदेशातून परतणाऱ्या भारतीय प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्क न भरता आणता येते. ते कशासाठी, कोणाच्या सल्ल्याने, असे त्याला कोणी विचारीत नाही. औषधाची गोष्ट वेगळी. १९४५ च्या औषध नियमावलीतील ३६ व्या नियमानुसार, एरवी आयातीस बंदी असलेले औषध प्रवाशाला स्वतःच्या सामानातून, केवळ स्वतःच्या उपयोगासाठी आणता येते. मात्र कोणत्याही एका औषधाच्या शंभर सरासरी मात्रांहून अधिक नाही. ज्याला विमानप्रवास परवडत नाही आणि म्हणून तेच औषध टपालाने मागवावे लागते, त्याने '१२-अ' नमुन्यात अर्ज करावा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी आणि '१२-ब' नमुन्यातील परवान्याची वाट पाहावी. आजार तोच, औषध तेच. फरक एवढाच की एकाच्या खिशात विमानाचे तिकीट आहे.

नियमच नकोत, असे माझे म्हणणे नाही. बनावट औषधांचा आणि चोरट्या व्यापाराचा धोका खरा आहे. त्यावर पहारा ठेवणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. पण पहारा ठेवणे वेगळे आणि कर वसूल करणे वेगळे. किंमत वाढली तरी ज्या वस्तूची मागणी घटत नाही, तिच्यावर कर बसविणे तिजोरीला सोयीचे असते, असे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवीत असू. प्राणरक्षक औषध ही अशीच वस्तू. रुग्णाला 'नको' म्हणण्याची सोयच नसते. तिजोरीची ही सोय नीतीच्या कोणत्या कसोटीला उतरते?

२०२१ च्या फेब्रुवारीतील प्रसंग आठवावा. मुंबईतील एका तान्ह्या मुलीसाठी, स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या आनुवंशिक आजारावरील 'झोल्गेन्स्मा' हे औषध अमेरिकेतून आणावयाचे होते. किंमत सुमारे १६ कोटी रुपये आणि तिच्यावर कर सुमारे ६ कोटी! आईबापांनी समाजापुढे पदर पसरून औषधाची रक्कम उभी केली. राज्यातील तत्कालीन विरोधी पक्षनेत्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले, तेव्हा कर माफ झाला. मुलीला औषध मिळाले, याचा आनंद कोणाला होणार नाही? पण ज्याच्यासाठी पत्र लिहिणारा कोणी नाही, त्याने काय करावे?

पुढे सवलती आल्या. राष्ट्रीय धोरणात नोंदलेल्या दुर्मिळ आजारांवरील, वैयक्तिक उपयोगाच्या औषधांचे मूळ सीमाशुल्क १ एप्रिल २०२३ पासून माफ झाले. त्यासाठी सिव्हिल सर्जनसारख्या अधिकाऱ्याचा दाखला हवा. २०२५ च्या अर्थसंकल्पाने आणखी ३६ औषधे शुल्कमुक्त केली. या सवलतींचे स्वागत करू. परंतु ही सारी यादीची कृपा आहे. यादीत नाव असलेला रुग्ण सुटतो, नसलेला कर भरतो. दया आणि हक्क यांतले अंतर ते हेच.

आणि करमाफीने प्रश्न तरी कुठे संपतो? ६ कोटी माफ झाले तरी १६ कोटी उरतातच. ही किंमत ठरविते ती मक्तेदारी. त्याच आजारावरील 'रिस्डिप्लाम' या औषधाची बाटली रोश कंपनी सुमारे ६ लाख रुपयांना विकत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीची याचिका फेटाळली आणि नॅटको या भारतीय कंपनीने तेच औषध १५,९०० रुपयांना बाजारात आणले. २०१२ मध्ये 'सोराफेनिब' या कर्करोगावरील औषधासाठी पेटंट कायद्याखाली सक्तीचा परवाना दिला गेला, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला होता. कायद्याने हाती दिलेले ते शस्त्र त्यानंतर म्यानातच गंजत आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जी मुभा प्रवाशाच्या सामानाला, तीच टपालाच्या पुडक्याला असावी. रुग्णाने स्वतःसाठी आणलेल्या कोणत्याही औषधावर, ते यादीत असो वा नसो, कर नसावा. आणि जेथे मक्तेदारी रुग्णाच्या गळ्याला फास लावते, तेथे शासनाने सक्तीचा परवाना देऊन ते औषध याच देशात तयार करवून घ्यावे. तसे झाले, तर सामानातून औषध आणण्याची पाळीच फारशा कोणावर येणार नाही.