एका खिडकीचे कौतुक पुरे, आता खिडकीला खिडकी जोडा!



आपल्यापैकी पुष्कळ घरांत ती आठवण अजून सांगितली जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातले आपले आजोबा-पणजोबा बिऱ्हाड उचलून, फायलींच्या पेट्यांमागोमाग इथे आले. त्या पिढीने दफ्तराचा एक साधा नियम आपल्याला शिकवला. कागद पाठवला म्हणजे काम झाले असे समजू नये. आपल्या जावक वहीतला क्रमांक समोरच्या कचेरीच्या आवक वहीत चढला, म्हणजे कागद पोचला.

सात दशकांनंतर हाच नियम दिल्लीच्या शहाण्यांना ऐकवण्याची वेळ आली आहे. विषय आहे परदेशी व्यापाराच्या कागदपत्रांचा. "आपल्याला काय करायचे त्याचे?" म्हणून पान उलटू नका. मंडीदीप आणि गोविंदपुऱ्यात ज्यांच्या घरची मुले नोकरी-धंदा करतात, त्यांच्या पोटाशी या विषयाचा संबंध आहे.

देशात 'एक खिडकी' आली, याबद्दल आमची तक्रार नाही. पूर्वी आयातदाराला सीमाशुल्क खात्याखेरीज अन्नसुरक्षा, औषध नियंत्रण, वनस्पती क्वारंटाइन, प्राणी क्वारंटाइन, वस्त्र समिती, वन्यजीव गुन्हे नियंत्रण अशा नाना कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागत. १ एप्रिल २०१६ पासून सीमाशुल्क खात्याने 'स्विफ्ट' नावाची व्यवस्था आणली (बँकांची स्विफ्ट वेगळी) आणि या सहा खात्यांची माहिती एकाच संगणकीय अर्जात भरता येऊ लागली. ३१ ऑक्टोबर २०२० पासून आयातीच्या कागदांची 'फेसलेस' तपासणी देशभर लागू झाली. मूळ देशाचा दाखलाही आता घरबसल्या संगणकावर मागता येतो. चांगले झाले. ज्याचे श्रेय त्याला.

पण ही खिडकी उघडते ती आपल्याच अंगणात! माल जातो दुबईला, जकार्ताला, रॉटरडॅमला. तिथे त्यांची वेगळी खिडकी, वेगळे रकाने, वेगळे सांकेतिक क्रमांक. आपल्याकडे संगणकात भरलेली माहिती तिकडचा एजंट कागदावरून वाचून पुन्हा हाताने टंकित करतो. म्हणजे आपली जावक वही संगणकावर, त्यांची आवक वही संगणकावर आणि दोहोंच्या मध्ये पुन्हा तोच कारकून! ये रे माझ्या मागल्या!

आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजीवांची गोष्ट. मंडीदीपहून तांदळाचा एक कंटेनर परदेशी गेला. इकडचे सगळे दाखले संगणकावर बिनचूक मिळाले. तिकडच्या एजंटाने वजन भरताना २४,१५० किलोच्या जागी २४,५१० लिहिले. दोन आकडे इकडचे तिकडे झाले! दाखला आणि अर्ज जुळेनात, म्हणून कंटेनर बंदरात नऊ दिवस पडून राहिला. डेमरेज भरता भरता त्या खेपेचा नफा तर गेलाच, वर घरचे पैसे घालावे लागले. चूक इथल्या अधिकाऱ्याची नव्हती, तिथल्याचीही नव्हती. माहिती एकदाच भरली असती आणि एका यंत्रणेतून दुसरीत जशीच्या तशी गेली असती, तर ही चूक व्हायला जागाच उरली नसती.

मोठ्या कंपन्यांना असे नऊ दिवस पचतात. त्यांची माणसे प्रत्येक बंदरात बसलेली असतात. मरतो तो वर्षाला दहा-वीस कंटेनर पाठवणारा लहान कारखानदार. त्यातून आपले राज्य समुद्रापासून दूर. मंडीदीपच्या कोरड्या बंदरातून निघालेला डबा न्हावाशेव्याला पोचायलाच आठशे किलोमीटरच्या घरात प्रवास करतो. किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यावर ही मात अंतराने होणार नाही. झालीच तर कागदाच्या वेगाने होईल.

जगाने काय केले पाहा. सिंगापूरने आपली 'ट्रेडनेट' १ जानेवारी १९८९ रोजी सुरू केली. तेव्हा आपल्याकडे कार्बन पेपर घालून चार प्रती काढत होते! पण सिंगापूर तेवढ्यावर थांबले नाही. जानेवारी २०१८ मध्ये इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, थायलंड व व्हिएतनाम यांनी आपापल्या खिडक्या एकमेकींना जोडून मूळ देशाचे दाखले थेट संगणकातून संगणकात पाठवणे सुरू केले आणि २०२० पर्यंत आसियानचे दहाही देश त्यात आले. या दहांत राजेशाही आहे, लष्करशाही आहे, साम्यवादी आहेत, लोकशाहीवाले आहेत. एकमेकांशी समुद्रावरून भांडणारेही आहेत. तरी वही जुळली!

उलट जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ रोजी अमलात आला, त्यात एक खिडकीचा आग्रह आहे. मात्र ती शेजाऱ्याच्या खिडकीला जोडलीच पाहिजे, असे बंधन नाही. आशिया-पॅसिफिकमध्ये कागदाविना व्यापारासाठी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली झालेला करार २० फेब्रुवारी २०२१ रोजी पाच देशांच्या मान्यतेने लागू झाला. त्या पाचांत चीन होता, बांगलादेश होता. माहिती तंत्रज्ञानात जगाला शिकवणारा आपला देश त्या पहिल्या पाचांत नव्हता. याला काय म्हणावे?

आता आक्षेप घेणारे म्हणतील, "आपल्या व्यापाराची माहिती परक्यांच्या हाती द्यायची?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. जून २०१७ मध्ये एका संगणकीय हल्ल्याने न्हावाशेव्याचे एक टर्मिनल ठप्प केले होते, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु खिडक्या जोडणे म्हणजे घराच्या किल्ल्या शेजाऱ्याला देणे नव्हे. कोणता दाखला जाईल, त्यातले कोणते रकाने जातील, सही कशी पडताळायची, यंत्रणा बंद पडली तर पर्याय काय, हे करारात आधी ठरवता येते. आणि आज तीच माहिती ईमेलने, व्हॉट्सअ‍ॅपने, दहा एजंटांच्या हातून जाते, ती काय तिजोरीत असते?

दुसरे म्हणतील, "सरकार करतेच आहे." १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात 'भारत ट्रेडनेट'ची घोषणा झाली, अमिरातीबरोबर 'मैत्री' नावाच्या जोडणीचे काम हाती घेतल्याचेही सांगण्यात आले. स्वागत आहे! पण घोषणेला जावक क्रमांक मिळाला म्हणून आम्ही टाळ्या वाजवणार नाही. आवक क्रमांक दाखवा.

माळव्यात संस्थानांच्या काळी हद्द बदलली की जकात नाका बदलत असे. देवासला तर एका गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदत. देशातले नाके उठायला १ जुलै २०१७ चा जीएसटी यावा लागला. देशाबाहेरचे कागदी नाके उठायला पुन्हा सत्तर वर्षे थांबायचे का?

म्हणून आमचे सभासदांना सांगणे आहे. आपल्यात निवृत्त अधिकारी आहेत, सनदी लेखापाल आहेत, मंडीदीपचे उद्योजक आहेत. मते मागायला कोणत्याही पक्षाचा उमेदवार दारी आला की हार-तुरे बाजूला ठेवून त्याला चार गोष्टी विचारा. एकदा भरलेली माहिती पुन्हा मागणार नाही, असा नियम कधी होणार? यापुढच्या प्रत्येक व्यापार करारात खिडक्या जोडण्याची तारीख लिहिली जाणार का? इंग्लंडने २०२३ मध्ये कायदा करून संगणकीय बिल ऑफ लेडिंगला कागदाचाच दर्जा दिला, तसे स्पष्ट शब्द आपल्या कायद्यात केव्हा येणार? आणि यंत्रणा बंद पडल्यावर मंडीदीपच्या लहान निर्यातदाराने कोणत्या अधिकाऱ्याचे दार ठोठवायचे?

उत्तर गुळमुळीत आले, तर तेही लिहून ठेवा. आपल्या आजोबांनी कागद पोचल्याची पावती हातात घेतल्याशिवाय फाईल कधी बंद केली नाही. आपणही करू नये.