लॅमिनेटच्या खाली काय?

आमच्या बेळगावात पावसाळ्यात फरशीला घाम फुटतो आणि डिसेंबरात तीच फरशी पायाला झोंबते. म्हणून ‘फ्लॅटमध्ये लॅमिनेट घालू का रे?’ असं मित्र विचारतात. घाला की! पण रंग निवडण्याआधी अंडरले निवडा.

लॅमिनेट फरशीला चिकटवत नाहीत. पट्ट्या एकमेकींत अडकतात आणि सगळा थर तरंगता राहतो. मधे अंडरले नसेल तर तो ढोलकीसारखा वाजतो. आमच्या खाली हृदयाचं ऑपरेशन झालेले आजोबा राहतात, आणि आमचे चार वर्षांचे चिरंजीव चालत नाहीत, पळतात. त्यामुळे हा प्रश्न फक्त सजावटीचा नव्हता.

दुकानदार जाड, मऊ फोम दाखवतो. भुलू नका. मऊ थर पायाखाली दबतो आणि सांध्याची खाच तुटते. २ ते ३ मिलिमीटरचा दाट थर पुरतो. साधा फोम स्वस्त, पण हळूहळू चपटा होतो. कॉर्क महाग, पण टिकाऊ. आम्ही मुलाच्या खोलीत कॉर्क घातलं, आमच्या खोलीत फोम. खर्च तिथे आवरला. थरावर थर मात्र घालू नका. खालच्या आजी म्हणाल्या, धावण्याचा आवाज बराच कमी झाला, चेंडूचा अजून येतो. अंडरले आवाज कमी करतो, बंद करत नाही. चेंडू आता खाली अंगणात.

बाकी चार गोष्टी:

१. दोन मीटरची सरळ पट्टी फरशीवर ठेवा. खाली ३ मिलिमीटरहून जास्त फट दिसली, तर आधी लेव्हल करून घ्या.

२. तळमजला असेल किंवा खाली कोबा असेल, तर अंडरलेखाली ०.२ मिलिमीटरचं प्लास्टिक अंथरा, जोडावर २० सेंटिमीटर एकावर एक घेऊन.

३. खोकी न फोडता ४८ तास त्याच खोलीत आडवी ठेवा.

४. भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटर जागा सोडा. पट्टीचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा. पावसाळ्यात तो फुगतो. जागा नसेल तर जमीन मधेच वर उचलते. फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, पण स्कर्टिंग भिंतीलाच ठोका, लॅमिनेटला नाही.

आणि घरात आधीच सगळ्यांना सांगून ठेवा: बादलीभर पाणी ओतून पुसणं बंद. घट्ट पिळलेलं फडकं बास. आमच्या आईला हे पटायला लॅमिनेट बसवण्यापेक्षा जास्त दिवस लागले!