१५ रुपयांचा सातबारा ५०० च्या वर का जातो?



आज फवारणीचा सल्ला नाही. सातबाऱ्याच्या खर्चाबद्दल माझं मत सांगतो.

डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून महाभूमीच्या साइटवर मिळतो. फी १५ रुपये, तलाठ्याची सही लागत नाही. पण तोच उतारा कर्जाला किंवा अनुदानाला लावायचा म्हटलं की प्रिंट काढा, झेरॉक्स करा, तालुक्याला जा, रांगेत उभे राहा.

हिशोब मांडा: फी १५, प्रिंट-झेरॉक्स २०, जाणं-येणं १००, बुडालेला रोज ४०० धरा. *एकूण ५३५ रुपये.* आकडे आपापल्या गावाप्रमाणे बदला, पण फी त्यात सगळ्यात लहानच राहील.

म्हणजे उतारा ऑनलाइन झाला, तो वाचणारं टेबल मात्र कागदावरच राहिलं. अशा अर्ध्या कामात कार्यालयाची मेहनत वाचते, आपला खर्च तसाच राहतो.

*माझं म्हणणं एवढंच: कागद स्वस्त करून बचत होत नाही, कागद न्यायची गरज संपली की होते.* उतारा शासनाच्याच सर्व्हरवर आहे. त्यावरचा १६ अंकी पडताळणी क्रमांक टाकला की खरा-खोटा तिथल्या तिथे कळतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार डिजिटल सहीला हाताच्या सहीचा दर्जा आहे. उलट प्रिंट काढली की ती सही कागदावर नुसतं चित्र उरते.

सर्व्हर बंद पडतो, सगळ्यांकडे स्मार्टफोन नाही, हेही खरं. त्यांच्यासाठी कागद चालू राहू द्या. पण पीडीएफ आणणाऱ्याला माघारी पाठवू नये.

सुरुवात आपल्यापासून व्हावी. आपल्या कंपनीतही खरेदी नोंदणीला प्रिंट मागतात. ती बंद करावी असं संचालक मंडळाला सुचवलंय. तुम्हीही सभेत हा विषय काढा.

तोवर एवढं करा 👇
✅ उताऱ्याची मूळ पीडीएफ फोनमध्ये जपून ठेवा, स्क्रीनशॉट नको.
✅ ई-पीक पाहणीची नोंद उताऱ्यावर आली का ते बघा. हमीभाव नोंदणीत तिथेच अडतं.
✅ पीडीएफ नाकारली तर पडताळणी क्रमांक दाखवा, तरी नाही म्हटलं तर कारण लेखी मागा.
❌ ओटीपी कुणालाही सांगू नका.

तुमच्या गावात किती खर्च येतो ते कळवा. आकडे जमले तर सभेत मांडता येतील.

– आपला कृषी सल्लागार 🌱